पाणी पिणारा रस्ता

नाना चौधरींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जळगाव-धुळे रस्त्याच्या अगदी मधोमध उकिडवे बसले होते. शेजारी स्कूटर, हातात पितळी तांब्या आणि दोन्ही बाजूंना खोळंबलेल्या गाड्या. एक ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. नानांनी त्याच्याकडे न बघता नुसता पंजा वर केला होता, जरा दम धर म्हणून. तांब्यातलं पाणी त्यांनी रस्त्यावर ओतलं होतं आणि ते कुठं जातं हे ते मान वाकडी करून बघत होते. मी एसटीच्या खिडकीत होतो. मला वाटलं, इथं कुणीतरी अपघातात गेलं असणार आणि हे त्याच्या नावानं पाणी सोडत असणार. मी हातसुद्धा जोडले. शेजारचा म्हातारा हसला. "भाऊ, हात काय जोडतस? तो बांधकामना साहेब शे. त्याना रोजना उद्योग शे हाऊ."

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या बांधकाम उपविभागात आरेखक म्हणून रुजू झालो, तर समोरच्या टेबलाशी तोच चेहरा. शाखा अभियंता एकनाथ चौधरी, मूळचे फैजपूरकडचे, सगळ्या कचेरीचे नाना. माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग राहायची सोय विचारली.

"देवपुरात एक खोली बघितलीय," मी म्हणालो.

"पाणी कुठं जातं?"

"नळ दारातच आहे की."

"भावसार, पाणी कुठून येतं हे मी विचारलेलं नाही. ते सगळेच बघतात. जातं कुठं?"

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरमालकाला नळ पूर्ण सोडायला लावून नानांनी मोरीपासून गल्लीच्या टोकापर्यंत पाण्याची पाठ धरली, आणि मगच ती खोली घ्यायची परवानगी मला मिळाली. घरमालक पुढं वर्षभर मला 'पाणीवाले साहेबांचे पाहुणे' म्हणायचा.

'पाणी कुठं जाईल ते आधी सांगा' हे वाक्य नाना कुठंही टाकत. कुणी बंगला बांधतोय म्हटलं की तेच, आणि कुणी मुलीचं लग्न ठरवतोय म्हटलं तरी तेच. लग्नाच्या पंगतीत बसले की पत्रावळीवर भाताचा बांध घालून वरणाला वाट काढून देत. शेजारच्याचं वरण भाजीत शिरताना दिसलं तर आपल्या हातानं त्याचा भात सरकवत. एकदा नवरदेवाच्या काकांचा भात सरकवला तेव्हा जरा बोलाचाली झाली होती.

त्यांचं स्वतःचं घर म्हणजे तर बघण्यासारखा नमुना. ते त्यांनी उभं राहून बांधून घेतलं होतं आणि प्रत्येक खोलीला उतार दिला होता. पाण्याचा थेंब साचू नये हा हेतू. थेंब साचत नसेच, पण दुसरं काहीही एका जागी राहत नसे. त्यांच्याकडे चहाला गेलं की कपबशी टेबलावरून हळूहळू माझ्याकडे यायची. लिंबू पडलं तर थेट न्हाणीघरात सापडायचं. खुर्चीत बसलेला माणूस पाय रोवून बसे. मी एकदा म्हटलं, "नाना, निदान बैठकीची खोली तरी सपाट ठेवायची." ते म्हणाले, "सपाट जागेवर पाणी विचार करत बसतं."

पण हे सगळं वरवरचं. त्यांचा खरा ध्यास वेगळा होता. एका परदेशी मासिकात त्यांनी एक लेख वाचला होता. तिकडं विमानतळांवर, मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्यांवर आणि काही हमरस्त्यांवरही वरचा थर असा करतात की पाणी त्याच्यावर थांबतच नाही. ते रस्त्याच्या आत उतरतं, खालच्या पक्क्या थरावरून आतल्या आत कडेला वाहत जातं आणि गटारात पडतं. वर चाकाखाली पाणी नाही, म्हणजे गाडी घसरत नाही. मागच्या गाडीच्या काचेवर फवारा नाही, म्हणजे ड्रायव्हर आंधळा होत नाही. ते मासिक नानांनी ग्रंथालयातून इतक्यांदा आणलं की शेवटी ग्रंथपालच म्हणाला, "साहेब, घरीच ठेवा. तुमच्याशिवाय कुणी हात लावत नाही."

"रस्ता पाणी पितो, भावसार," नाना मला सांगत, आणि सांगताना त्यांचा स्वतःचाच घसा कोरडा पडे. "आपला रस्ता पाणी अंगावर घेऊन बसतो. तो रस्ता पितो आणि कडेनं सोडून देतो."

त्यांच्या शेजारी कांतिलालशेठ राहत. मूळचे मारवाडातले, आग्रा रोडवर कापडाचं दुकान. गल्लीत केबल आली तेव्हा पहिली तार त्यांच्या घरात शिरली. एका रविवारी परदेशातली मोटारींची शर्यत लागली आणि तिथं पाऊस सुरू झाला. शेठच्या मुलांनी नानांना मुद्दाम हाका मारून बोलावलं, आणि नानांनी मला ओढत नेलं. खोलीत गल्लीतली सगळी पोरं. गाड्या सुं सुं करत जात होत्या, मागं पांढऱ्या फवाऱ्याचे ढग. सगळे ओरडत होते, लाल गाडी पुढं, निळी गाडी पुढं. नाना टीव्हीच्या इतके जवळ गेले की मागच्यांना फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

"नानासाहेब, बाजूला व्हा ना, गाडी दिखती नाही," शेठ म्हणाले.

"गाडी काय बघायची शेठ? रस्ता बघा, रस्ता! हे बघा, इथं उडालं... इथं उडालं... आणि आता बघा. उडालं का? नाही उडालं!"

आणि खरंच, एका वळणानंतर गाड्यांच्या मागचा ढग विरला होता. चाकं दिसत होती, रस्ता दिसत होता, फक्त तो काळा ओला चमकत होता. पुढच्या फेरीत तिथं पुन्हा तेच झालं. नानांनी टाळी वाजवली. तेवढ्यात कॅमेरावाल्यानं जिंकणाऱ्याचा चेहरा दाखवायला घेतला, तर नाना टीव्हीवर खेकसले, "अरे, त्याचं थोबाड काय दाखवतोस? खाली बघ, खाली!" शर्यत कोण जिंकलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. घरी परतताना ते एवढे खुशीत होते की मलाही कुठं लाल गाडीची आठवण राहिली नाही.

त्यानंतर नानांनी आमच्या कार्यकारी अभियंत्यांचा पिच्छा पुरवला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण पुस्तकात नसलेली गोष्ट ऐकली की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. एका बैठकीला नाना स्टीलचा डबा घेऊन आले. आत दोन लाडू. एक बेसनाचा, एक मुरमुऱ्याचा. दोन्ही त्यांनी ताटलीत ठेवले, साहेबांच्याच पेल्यातलं पाणी घेतलं आणि कुणी काही बोलायच्या आत बेसनाच्या लाडवावर ओतलं. पाणी वरच साचलं. नानांनी लाडवाला बोट लावलं तसा तो बसला.

"हा आपला आजचा रस्ता, साहेब. दुसऱ्या पावसात असाच बसतो."

मग मुरमुऱ्याच्या लाडवावर पाणी ओतलं. ते आत शिरलं, खालून निघालं, ताटलीच्या काठावरून उतरलं आणि साहेबांच्या टेबलावरच्या एका फाईलीखाली गेलं. फाईल सरकवायला शिपाई धावला. नानांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं, पाणी जिथं जायला हवं तिथं गेल्याचं.

"खडी मोठी घ्यायची, बारीक कच घालायचा नाही. मुरमुऱ्यात जशी फट राहते तशी खडीत राहते. गुळाच्या पाकाच्या जागी डांबर."

"चौधरी," साहेब म्हणाले, "मुरमुऱ्याच्या लाडवावरून ट्रक जात नाहीत."

"पाक पक्का असला तर जातील, साहेब."

पुढं प्रत्येक बैठकीला नाना डबा आणू लागले. दोन-तीन बैठकांनंतर साहेबांनी हात टेकले. शिरपूरच्या वाटेवर, धुळ्याकडच्या बाजूला पिंपरखेडं नावाचं गाव आहे, तिथं रस्त्याचं नूतनीकरण तसंही निघालंच होतं. त्यातला गावातला छोटा तुकडा नानांनी त्यांच्या पद्धतीनं करावा. पावसाळा गेल्यावर नाशिकहून मोठे साहेब येऊन बघतील. त्यांनी पसंत केला तर गावापुढच्या वळणावर तोच थर टाकायचा. ते वळण वाईट होतं. दर पावसाळ्यात तिथं गाड्या शेतात जात. नानांचा सगळा जीव त्या वळणात अडकला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. म्हणजे झालं तर आताच, नाहीतर कधीच नाही.

पिंपरखेड्यात रस्ता घरांच्या अगदी उंबऱ्याला लागून जातो. दोन्ही बाजूंनी घरांची दारं रस्त्यावर उघडतात. पावसात एसटी गेली की चाकांचं गढूळ पाणी सरळ घरात, चुलीपर्यंत. म्हणून सगळ्या बायांनी दारांना गोणपाट लावलेलं. त्या ओळीतलं पहिलं घर सुपडाअक्कांचं. वय झालेल्या, आवाजाला खणखणीत. काम सुरू झालं तसं त्या दारात बसून लक्ष ठेवू लागल्या.

काम करताना सगळ्यात हाल झाले ते दगडू मुकादमाचे. उभी हयात त्यानं रस्त्याची फट दिसली की कच टाकून बुजवली होती. आता समोर सगळा रस्ताच फटींचा. त्याच्या हाताला चैन पडेना. तो हळूच घमेल्यात कच भरून यायचा आणि नाना त्याला अर्ध्या वाटेत धरायचे.

"साहेब, हाऊ रस्ता उपाशी दिखस हो. थोडासा कच टाकू का?"

"दगडू, एक चिमूट टाकलीस तर बघ!"

"लोके माले नावं ठेवतीन साहेब. म्हनतीन, मुकादमनी कच खाई टाका."

नानांनी त्याला जेवणाच्या सुट्टीत मुरमुऱ्याचा लाडू खायला दिला आणि पुन्हा सगळं समजावलं. दगडूनं लाडू खाल्ला, मान डोलावली, आणि दुपारी पुन्हा घमेलं घेऊन आला. शेवटी नाना रोलरच्या पुढं स्वतः उलटे चालत राहिले, एक डोळा खडीवर आणि एक दगडूवर. रस्ता तयार झाला तेव्हा तो काळा, खडबडीत, बारीक बारीक भोकांचा दिसत होता. गावकरी बघून जात आणि बोलून काही दाखवत नसत. नवीन सुनेचा रंग सासरच्यांना पसंत पडला नाही की घरात जी शांतता असते, तशी ती शांतता होती.

श्रावणात एका दुपारी जोराचा पाऊस लागला आणि नाना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "चला." त्या पावसात त्यांच्या स्कूटरच्या मागं बसून मी पिंपरखेड्याला गेलो. माझ्या छत्रीचं वाटेतच सूप झालं. सुपडाअक्का दाराशी सवयीनं गोणपाट धरून उभ्या होत्या. समोरून शिरपूरची एसटी आली. मी भिंतीला चिकटलो. गावातली माणसं जिथं होती तिथं मागं सरली.

एसटी गेली. नुसता 'सर्रर' आवाज झाला. पाणी उडालं नाही. माझ्या विजारीवर एक शिंतोडा नाही. मी नानांकडे पाहिलं तर ते जागेवर नव्हते. ते रस्त्याच्या कडेला, साईडपट्टीवर चिखलात गुडघे टेकून बसले होते. डांबराच्या थराच्या कडेतून पाणी बारीक धारांनी बाहेर येत होतं आणि गटारात पडत होतं.

"भावसार! निघालं! बाहेर निघालं बघा!"

नात झाल्याची बातमी माणूस ज्या आवाजात देतो तसा तो आवाज होता. मी धावलो. त्या पाण्याखाली हात धरून आम्ही दोघं चिखलात बसून हसत होतो. मला अभिमान वाटला, आणि तो कुणाचा, तर माझ्या साहेबांचा. सरकारी नोकरीत हे फार वेळा होत नाही.

सुपडाअक्का उंबऱ्याबाहेर आल्या. चाचपत पाय टाकत रस्त्यावर उभ्या राहिल्या. पुन्हा एक ट्रक गेला तेव्हा तेवढ्यापुरत्या बाजूला झाल्या आणि आपलं कोरडं लुगडं बघत राहिल्या.

"साहेब, आते दारनं गोणपाट काढू का?"

नानांची बोली फैजपूरकडची, इकडची अहिराणी त्यांना जरा अडखळतच येई. तरी ते म्हणाले, "काढा अक्का. बठ्ठा गोणपाट काढी टाका."

त्या पावसाळ्यात पिंपरखेड्याच्या त्या ओळीतल्या एकाही दाराला गोणपाट राहिलं नाही.

पाऊस उघडला, दिवाळी झाली, आणि नाशिकच्या मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. नानांनी पाण्याचा टँकर सांगितला. भर रस्त्यावर टँकर मोकळा करायचा, पाणी रस्ता पिऊन टाकेल, साहेब बघतील, वळणाला मंजुरी देतील. नानांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमच्या जीपचा ड्रायव्हर युसूफ म्हणाला, "नाना, आज एकदम जावईबुवा!" नाना लाजले. साहेब यायच्या बरेच आधी आम्ही सकाळीच पिंपरखेड्यात पोचलो.

जीप थांबली आणि कुणीच खाली उतरेना.

रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेणानं सारवलेलं अंगण पसरलं होतं. काळ्या मातीत कालवलेलं शेण, एकसारखं, हातानं फिरवलेलं, बोटांचे अर्धगोल उमटलेले. वरून ताजा सडा. आणि त्यावर रांगोळ्या. कमळं, गोपद्मं, मोर. एका कोपऱ्यात कुणा पोरीनं लाल रंगाची एसटीसुद्धा काढली होती, तिच्यात ड्रायव्हर होता. दोन्ही टोकांना बांबू आडवे टाकून गाड्या घरांमागच्या मातीच्या वाटेनं वळवल्या होत्या. गावातल्या झाडून सगळ्या बाया पदर खोचून कामाला लागल्या होत्या. सुपडाअक्का वाकून शेवटचं कमळ भरत होत्या. आम्हाला बघून त्या कंबर धरत उठल्या.

"या साहेब. मोठा साहेब येनार शे, रस्ता तसाच कसा ठेवाना? काल दिवसभर सारवं, आज सडा टाका. दखा, बठ्ठा भोकं बुजी गयात. आते कसा गुळगुळीत दिखस!"

नाना बघत राहिले. रस्त्याचं एक एक भोक बंद झालं होतं. जे दगडूच्या घमेल्यापासून त्यांनी वाचवलं होतं ते पंचवीस-तीस बायांनी हौसेनं लिंपून टाकलं होतं.

मी त्यांना बाजूला ओढलं. "नाना, टँकर उभा आहे. साहेब यायला अजून वेळ आहे. पाइप लावू, झाडू मारू. शेण अजून ओलंच आहे, बरंचसं निघेल." युसूफनं तर टँकरच्या पाइपाला हातही घातला होता.

नानांनी बायांकडे पाहिलं. त्या रांगेत उभ्या होत्या, शेणानं भरलेले हात अंगापासून लांब धरून. त्यांना शाबासकी हवी होती.

"राहू द्या," नाना म्हणाले.

"अहो, राहू द्या काय? वळण जाईल हातचं! तुमची इतक्या वर्षांची—"

"राहू द्या म्हटलं ना, भावसार." मग ते बायांकडे वळले आणि म्हणाले, "अक्का, फार सुंदर झालंय. मोर कोणी काढला?"

माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. मोराची चौकशी! मी जीपला टेकून उभा राहिलो आणि त्यांच्याकडे बघितलं नाही.

मोठे साहेब आले. पांढरा सफारी, काळा चष्मा. रांगोळ्या बघून प्रसन्न झाले, बायांना नमस्कार केला. मग बांबू काढले आणि टँकर सोडला. पाणी रस्त्यावर पसरलं आणि तिथंच उभं राहिलं. नंतर हिरवट झालं. मोर विरघळला, कमळं विरघळली, आणि सगळं मिळून संथपणे मोठ्या साहेबांच्या बुटांकडे निघालं. साहेब एक पाऊल मागं सरले. नेमकी तेव्हा शिरपूरची एसटी आली. बांबू निघालेले बघून ड्रायव्हरनं रस्ता मोकळा समजला आणि गाडी जोरात काढली.

साहेबांच्या सफारीचं वर्णन मी करत नाही. चष्म्याच्या एका काचेतून तेवढं त्यांना दिसत होतं. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी रुमाल पुढं केला, तो अगदीच अपुरा पडला.

"चौधरी," मोठे साहेब शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणाचीच भीती वाटली, "पाणी न उडणारा रस्ता तो हाच का?"

"हो, साहेब."

"आणि हे शेण कुणी टाकलं?"

मी तोंड उघडलं. नाना माझ्या आधी बोलले. "मीच सांगितलं होतं साहेब. तुमच्या स्वागताला. माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझी आहे."

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावले नाहीत, त्यांची कीव केली. खेड्यापाड्यात हा प्रकार चालायचा नाही, असं आमच्या साहेबांना सांगून गाडीत बसले. गाड्या धुळ्याकडे निघून गेल्या. वळणाचा विषय तिथंच संपला. पुढं नाना निवृत्त झाले, तरी कधी निघाला नाही.

बाया अजून उभ्याच होत्या. साहेब लोक मराठीत काय बोलले, इंग्रजीत काय बोलले, त्यांच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. सुपडाअक्का ओल्या शेणातून सांभाळत नानांच्या जवळ आल्या.

"साहेब, रस्ता पास व्हई गया का?"

"व्हई गया अक्का," नाना म्हणाले. "पास व्हई गया."

अक्कांनी मागं वळून ओरडून सगळ्यांना सांगितलं. बायांनी गलका केला. कुणीतरी घरातून गूळ आणला, त्याचा खडा नानांच्या हातावर ठेवला. नानांनी तो तिथंच खाल्ला, बोटं चाटली, सगळ्यांना हात जोडले आणि जीपमध्ये येऊन बसले. मी मागच्या सीटवर होतो. मला राहवलं नाही.

"नाना, टँकर होता. वेळ होता. का नाही धुऊ दिलंत?"

नानांच्या पत्नी मी धुळ्याला यायच्या आधीच गेल्या होत्या. मुलं नोकऱ्यांना लांब. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, आम्हीही विचारत नसू. ते समोर काचेतून बघत राहिले.

"भावसार, सिंधू गेल्यापासून माझ्या दारात सडा पडलेला नाही. सकाळी मी दार उघडतो ना, तेव्हा सगळ्या गल्लीची अंगणं ओली असतात, माझं तेवढं कोरडं. मी बघत नाही तिकडं, स्कूटर काढतो आणि निघतो. आज इतक्या बायांनी माझ्या रस्त्यावर सडा घातला. तो मी पाइप लावून धुऊ?"

युसूफनं गाडी सुरू केली, आरशातून एकदा नानांकडे पाहिलं, आणि रांगोळीचं जे काही उरलं होतं ते सोडून, मातीच्या कडेनं हळू पुढं घेतली.